स्पेस गेममधलं जहाज सुसाट पळतं, पण थांबत का नाही? ब्रेक आणि वळणाचं सोपं गणित

स्पेस गेममध्ये पहिलं जहाज बांधताना जवळपास सगळे एकच चूक करतात. मागच्या बाजूला बसतील तेवढी मोठी इंजिनं लावायची आणि पुढे नावापुरती एक-दोन छोटी. दिसायला जहाज एकदम भारी दिसतं आणि निघतंही बाणासारखं.

मीही हेच केलं होतं. 'स्पेस इंजिनिअर्स' या गेममध्ये दोन संध्याकाळी घालवून एक जहाज बांधलं आणि समोरच्या लघुग्रहाकडे निघालो. सहा सेकंदांत वेग १०० मीटर प्रति सेकंद! लघुग्रह साधारण एक किलोमीटरवर आला तेव्हा बटण सोडलं. म्हटलं, आता थांबेल. वेगाचा आकडा १०० वरून ९९, मग ९७, मग ९६... अक्षरशः रांगत खाली येत होता. पुढचे दहा-अकरा सेकंद मी फक्त बघत बसलो, कारण करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ८५ च्या आसपास वेग असताना जहाज दगडावर आदळलं आणि पुढचा अर्धा भाग गेला.

या लेखात आपण त्याच जहाजाचा हिशेब मांडून बघणार आहोत. ते का थांबलं नाही, काय बदललं असतं तर थांबलं असतं, आणि वळायचं यंत्र कमकुवत असलं की ब्रेकही कसा कमकुवत होतो. हा गेम पीसी आणि कन्सोलवर आहे, फोनवर नाही. पण फोनवर 'स्पेसफ्लाइट सिम्युलेटर' खेळणाऱ्यांनाही हेच गणित लागतं, त्यामुळे त्याबद्दल शेवटी वेगळं लिहिलंय. आणि मध्ये एक खरं यान येणार आहे, जे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

अंतराळात ब्रेक नावाची वस्तूच नसते

बाइकचा ब्रेक दाबला की चाक अडतं, टायर रस्त्याला घासतो आणि गाडी थांबते. म्हणजे थांबवण्याचं खरं काम रस्ता करतो. अंतराळात रस्ता नाही, हवा नाही, घासायला काहीच नाही. तिथे इंजिन बंद केलं तर जहाज थांबत नाही, ते त्याच वेगाने जात राहतं. थांबायचं असेल तर उलट्या दिशेने तेवढाच धक्का द्यावा लागतो. म्हणजे पुढे तोंड करून लावलेलं इंजिन हाच तुमचा ब्रेक.

स्पेस इंजिनिअर्समध्ये 'इनर्शिया डॅम्पनर' नावाची सोय आहे. कीबोर्डवर झेड दाबला की ती चालू-बंद होते. ती चालू असेल आणि तुम्ही बटण सोडलं, तर गेम स्वतःच उलट्या दिशेची इंजिनं पेटवून जहाज थांबवतो. नव्या खेळाडूंना वाटतं की डॅम्पनर म्हणजेच ब्रेक. तसं नाहीये. डॅम्पनर हा फक्त ड्रायव्हरचा पाय आहे. पुढे इंजिनच नसेल तर तो पाय दाबणार कशावर?

आता माझ्या जहाजाचे आकडे बघा. मोठ्या ग्रिडचं जहाज, रिकामं वजन साधारण ५०० टन. मागे दोन मोठे आयन थ्रस्टर. या गेममध्ये मोठ्या ग्रिडवरचा एक मोठा आयन थ्रस्टर ४३.२ लाख न्यूटन जोर देतो. दोघांचे झाले ८६.४ लाख. पुढे दोन छोटे आयन थ्रस्टर होते, प्रत्येकी ३ लाख ४५ हजार ६०० न्यूटनचे. दोघांचे मिळून सात लाखसुद्धा होत नाहीत.

शाळेतलंच सूत्र आहे. जोर भागिले वजन, म्हणजे वेग दर सेकंदाला कितीने बदलणार ते. मागच्या इंजिनांनी दर सेकंदाला वेग सतराने वाढतो, पुढच्यांनी जेमतेम १.४ ने कमी होतो. पळायला सहा सेकंद आणि थांबायला ७२ सेकंद! त्या ७२ सेकंदांत जहाज जवळपास ३.६ किलोमीटर पुढे जातं. आणि मी बटण सोडलं होतं एक किलोमीटरवर.

पुढच्या दोन छोट्यांच्या जागी एकच मोठा आयन थ्रस्टर असता तर? थांबायला सुमारे १२ सेकंद, अंतर ५८० मीटर. (थ्रस्टरचं स्वतःचं वजन धरलं तर थोडं जास्त, पण लघुग्रहाच्या बऱ्याच आधी.) त्याच जहाजात फक्त एक इंजिन बदलायचं होतं.

वेग निम्मा केला की अंतर पाव

थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. सूत्र असं: वेगाचा वर्ग भागिले, दर सेकंदाला कमी होणाऱ्या वेगाची दुप्पट. पाठ करायची गरज नाही, अर्थ लक्षात ठेवा. वेग दुप्पट केला की थांबायला चौपट जागा लागते, आणि निम्मा केला की पाव. माझं तेच फसलेलं जहाज १०० ऐवजी ५० ने येत असतं तर ३.६ किलोमीटरऐवजी सुमारे ९०० मीटरमध्ये थांबलं असतं. म्हणजे एक किलोमीटरच्या आत, लघुग्रहाच्या अलीकडे.

गेममध्ये मूळ सेटिंगनुसार कमाल वेगच १०० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास आहे. म्हणून एक गोष्ट मला विचित्र वाटते. तिथे पोचायला सहा सेकंद लागले काय किंवा बारा, प्रवासात फरक कितीसा पडतो? पण थांबायला बारा सेकंद की बहात्तर, यात जहाज वाचणार की नाही हे ठरतं. तरी लोक सगळं वजन आणि सगळी वीज मागच्या इंजिनांवर घालवतात.

खरी गंमत माल भरल्यावर

रिकामं जहाज तपासून 'जमलं' म्हणणं ही दुसरी मोठी चूक. घाटातून रिकामा ट्रक कसाही उतरतो, भरलेला उतरताना ड्रायव्हरला खालचा गिअर टाकूनच जावं लागतं. इथेही तसंच, फक्त फरक कितीतरी मोठा आहे.

मोठ्या ग्रिडचा मोठा कार्गो कंटेनर ४ लाख २१ हजार ८७५ लिटरचा असतो. खनिज त्यात गच्च भरलं तर वजन होतं जवळपास १,१४० टन. आपलं अख्खं जहाज ५०० टनांचं आणि त्याच्या पोटातला एक डबा ११४० टनांचा! एकूण झाले १,६४० टन.

आता त्याच दोन छोट्या पुढच्या थ्रस्टरनी ब्रेक लावा. थांबायला जवळजवळ चार मिनिटं लागतील आणि तोपर्यंत जहाज १२ किलोमीटर गेलेलं असेल. १२ किलोमीटर! एवढं अंतर म्हणजे आपला तळ तुम्ही ओलांडून कधीच मागे टाकलेला असेल. पुढे एक मोठा थ्रस्टर असेल तर ३८ सेकंद आणि १.९ किलोमीटर. दोन मोठे असतील तर १९ सेकंद आणि साधारण ९५० मीटर. खाणकामाचं जहाज बांधत असाल तर माझ्या मते पुढे दोन मोठे हे कमीत कमी. पुढचा जोर मागच्या जोराच्या निदान ६०-७० टक्के असावा, आणि माल वाहणाऱ्या जहाजात तर बरोबरीचा. दिसायला ते थोडं बेढब दिसतं, हे मान्य.

ही सगळी आकडेमोड करायचा कंटाळा येत असेल तर एक सोपा उपाय सांगतो. मोकळ्या जागेत जहाज १०० च्या वेगाने न्या, बटण सोडा आणि त्याच क्षणी फोनवरचं स्टॉपवॉच चालू करा. जहाज पूर्ण थांबलं की सेकंद बघा आणि ५० ने गुणा. तेवढे मीटर तुमचं थांबायचं अंतर. ५० च का? तर १०० वरून शून्यावर एकसारखं येताना सरासरी वेग ५० असतो. २० सेकंद लागले तर एक किलोमीटर. ही चाचणी एकदा रिकामी आणि एकदा पूर्ण माल भरून करा, आणि दुसरा आकडा कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा. मी खरंच चिकटवतो.

नाक वळलं म्हणजे जहाज वळलं असं नाही

आता वळण्याकडे येऊ. इथे गाडी चालवायची सवय आपल्याला सगळ्यात जास्त फसवते. गाडीचं हँडल वळवलं की गाडी त्या दिशेने जाते, कारण टायर रस्त्याला धरून असतो. अंतराळात नाक उजवीकडे वळवलं तरी जहाज जात राहतं जुन्याच दिशेने, फक्त आता आडवं होऊन. पहिल्या पावसात तेलकट झालेल्या रस्त्यावर बाइक घसरताना ज्याने अनुभवलीय त्याला हे लगेच कळेल. हँडल एकीकडे, गाडी दुसरीकडे.

म्हणून वळणं ही दोन वेगळी कामं आहेत. नाक फिरवायचं काम जायरोस्कोप करतो. जुन्या दिशेचा वेग मारायचं काम बाजूचे थ्रस्टर करतात. लोक 'जहाज वळत नाही' म्हणून जायरो वाढवत जातात. नाक मग गरगर फिरतं, पण जहाज तसंच घसरत राहतं, कारण डाव्या-उजव्या बाजूला थ्रस्टरच नसतात. बाजूच्या थ्रस्टरनी वेग दर सेकंदाला एकनेच कमी होत असेल, तर १०० च्या वेगात काटकोनात वळताना जुन्या दिशेची घसरण थांबायला १०० सेकंद लागतील. याला वळण म्हणायचं की अपघाताची तयारी?

जायरोचा हिशेब थोडा वेगळा आहे. त्यात वजन किती आहे याइतकंच ते मधल्या बिंदूपासून किती लांब आहे हेही महत्त्वाचं असतं. एका हातात क्रिकेटची बॅट मधोमध धरून फिरवा, मग तेवढ्याच वजनाचा लांब बांबू मधोमध धरून फिरवून बघा. वजन तेच, पण बांबू सुरू करायला आणि थांबवायला किती जोर लागतो!

मोठ्या ग्रिडवरचा एक जायरो ३ कोटी ३६ लाख न्यूटन-मीटर इतका पीळ देतो. आपलं ५०० टनांचं जहाज ५० मीटर लांब आणि सरळ दांड्यासारखं आहे असं ढोबळ धरलं, तर एका जायरोने ते सुमारे सहा सेकंदांत उलट्या तोंडी फिरेल. वजन तेवढंच ठेवून लांबी १०० मीटर केली की तेच काम करायला साडेबारा सेकंद. पुन्हा सहा सेकंदांवर यायचं असेल तर जायरो दुप्पट लावून भागत नाही, चारपट लागतात. म्हणून सिनेमातल्यासारखं लांबलचक जहाज बांधायचं असेल तर जरूर बांधा, पण जायरोंसाठी लोखंड जास्त जमवून ठेवा.

लांबी कमी करता येत नसेल तर निदान जड गोष्टी मध्यावर आणा. कार्गो कंटेनर, रिॲक्टर, बॅटऱ्या हे सगळं जहाजाच्या पोटात. टोकांना फक्त हलक्या वस्तू. बऱ्याच जणांच्या जहाजात माल अगदी शेपटीकडे असतो, कारण तिथे जागा उरलेली असते.

एक सवलत मात्र या गेममध्ये आहे. जायरो कुठेही बसवला तरी चालतो, अगदी एका कोपऱ्यात कोंबला तरी त्याचा पीळ तेवढाच लागू होतो. थ्रस्टरचंही तसंच. तो मध्यापासून लांब, एका कडेला असला तरी जहाज त्याच्यामुळे गोल फिरत नाही. गेम जोर थेट जहाजाच्या वजनाच्या मध्यावर लावतो. खऱ्या यानात असं केलं तर ते भिंगरीसारखं फिरेल. म्हणजे ब्रेकचे थ्रस्टर पुढच्या तोंडावर, ड्रिलच्या मध्ये कोंबायचीच गरज नाही. ते बाजूला पंखांवर, छतावर, कुठेही लावा. फक्त त्यांच्या ज्वाळेसमोर स्वतःचेच ब्लॉक येऊ देऊ नका, नाहीतर ब्रेक लावताना जहाज स्वतःलाच जाळून घेईल.

जायरो हा सुद्धा ब्रेक आहे

हे मला बरंच उशिरा कळलं. पुढे कितीही थ्रस्टर लावले तरी सगळ्यात ताकदवान इंजिनं मागेच असतात. मग त्यांनाच ब्रेक म्हणून का वापरू नये? जहाज उलटं फिरवायचं, शेपूट पुढे करायचं आणि मुख्य इंजिनं पेटवायची. डॅम्पनर चालू असेल तर तुम्ही फक्त फिरवा, बाकीचं तो बघतो.

माझ्या पहिल्या जहाजाचं उदाहरण घ्या, रिकामं, वेग १००. जायरो चांगले असते आणि पाच सेकंदांत ते उलटं फिरलं असतं, तर फिरेपर्यंत ५०० मीटर गेले असते. मग मागच्या दोन मोठ्या थ्रस्टरनी पुढच्या २९० मीटरमध्ये ते थांबवलं असतं. एकूण साधारण ७९० मीटर. लघुग्रह होता एक किलोमीटरवर. जहाज वाचलं असतं!

पण जायरो कमी असते आणि उलटं फिरायला ३० सेकंद लागले असते, तर? फिरता फिरताच तीन किलोमीटर संपले असते. मागे कितीही मोठी इंजिनं असली तरी ती योग्य दिशेला तोंड करायलाच उशीर झाला असता. म्हणून एखाद्याने विचारलं की माझ्या जहाजाचा ब्रेक सुधारायला काय करू, तर मी आधी विचारतो, उलटं फिरायला किती सेकंद लागतात?

हेच विक्रमच्या बाबतीत झालं होतं

७ सप्टेंबर २०१९ ची पहाट. अनेकांनी जागून टीव्हीवर बघितली असेल. चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्राकडे उतरत होता आणि शेवटच्या टप्प्यात संपर्क तुटला. चंद्रावर हवा नाही, म्हणजे पॅराशूट नाही. उतरायचं ते फक्त इंजिनांच्या ब्रेकवर, आणि विक्रमला 'पुढची इंजिनं' वेगळी नव्हतीच. तो इंजिनांची बाजू पुढे करूनच खाली येतो, म्हणजे आपण वर बघितली तीच उलटं फिरून ब्रेक लावायची पद्धत.

२०२३ मध्ये इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी तेव्हा काय बिघडलं ते सांगितलं. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला. त्यामुळे छोट्या छोट्या चुका साचत गेल्या. त्या दुरुस्त करायला यानाला खूप वेगाने वळायची गरज पडली, पण किती वेगाने वळायचं यावर सॉफ्टवेअरची मर्यादा होती. त्यात उतरायची जागा होती फक्त ५०० मीटर बाय ५०० मीटर.

नीट बघा, ब्रेकचा जोर कमी पडला नव्हता. उलट तो जास्त झाला होता. कमी पडलं ते वळणं.

चांद्रयान-३ मध्ये मधलं पाचवं इंजिन काढून चारच ठेवली. वळण्याचा वेग १० अंश प्रति सेकंदावरून २५ अंश केला. इंधन वाढवलं, पाय मजबूत केले, वेग मोजायला लेझरवर चालणारं नवं उपकरण बसवलं आणि उतरायची जागा सुमारे चार किलोमीटर लांब, अडीच किलोमीटर रुंद अशी ऐसपैस धरली. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम उतरला. त्या दिवशी ३० किलोमीटर उंचीवरून सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात त्याचा आडवा वेग सुमारे १,६८० मीटर प्रति सेकंदावरून ३५८ वर आला, आणि त्याला ६९० सेकंद लागले. म्हणजे दर सेकंदाला सरासरी १.९ ने वेग कमी. आपल्या फसलेल्या जहाजाच्या १.४ पेक्षा थोडाच जास्त! पण इस्रोने ब्रेक लावायला सुरुवात कुठून करायची याचा हिशेब आधीच केला होता. मी केला नव्हता.

ग्रहावर उतरताना आणखी एक भागीदार येतो

मोकळ्या अंतराळात सगळा जोर ब्रेकला मिळतो. ग्रहावर मात्र त्यातला मोठा हिस्सा गुरुत्वाकर्षण आधीच कापून घेतं. पगारातून हप्ता कापला जातो तसं. हातात उरतो तोच खरा ब्रेक.

समजा आपलं ५०० टनांचं जहाज गेममधल्या पृथ्वीसारख्या ग्रहावर उतरतंय आणि खालच्या बाजूला एक मोठा ॲटमॉस्फेरिक थ्रस्टर आहे. त्याचा जोर ६४.८ लाख न्यूटन. जहाज नुसतं हवेत धरून ठेवायलाच ४९ लाख लागतात. उरले साधारण १६ लाख. त्यावर १०० च्या वेगाने पडणारं जहाज सुमारे १.६ किलोमीटरमध्ये थांबतं. ठीक आहे, चालेल.

आता त्यात फक्त १५० टन खनिज भरा. तो मोठा डबा आठवतोय ना, ११४० टनांचा? त्याचा सातवा भागही नाही. पण आता जहाज धरून ठेवायलाच जवळजवळ ६४ लाख लागतात आणि ब्रेकसाठी उरतात एक लाख. थांबायचं अंतर जातं ३१ किलोमीटरवर! म्हणजे जहाज हवेत जेमतेम तरंगतं, पण एकदा पडायला लागलं की थांबत नाही. नवे खेळाडू इथेच सगळ्यात जास्त जहाजं गमावतात. 'उडत तर होतं, मग पडलं कसं?' असं विचारतात. उडण्यापुरता जोर आणि थांबण्यापुरता जोर यात मोठा फरक आहे. माझ्या मते माल भरलेल्या वजनाच्या दीडपट तरी जोर खालच्या बाजूला हवा, दुप्पट असेल तर निवांत झोप लागते.

इंजिन कुठलं निवडता हेही इथे महत्त्वाचं. आयन थ्रस्टर अंतराळात मस्त, पण दाट हवेत त्यांचा जोर खूपच घटतो. ॲटमॉस्फेरिक थ्रस्टर हवेशिवाय चालतच नाहीत आणि उंचावर, हवा विरळ झाली की कमजोर पडतात. त्यामुळे वरून येताना त्यांच्या भरवशावर उशिरापर्यंत थांबू नका. हायड्रोजन थ्रस्टर सगळीकडे चालतात आणि जोरही दणदणीत, पण टाकी संपली की ब्रेक संपला. हायड्रोजनवर उतरणार असाल तर परतीचा हायड्रोजन वेगळा धरा. हवा असलेल्या ग्रहावर पॅराशूटचा ब्लॉकही आहे, त्यात कॅनव्हास भरून ठेवावं लागतं. ते भरायला विसरायचं नाही, एवढंच सांगतो. का सांगतो ते विचारू नका.

थ्रस्टर आहेत, तरी ब्रेक लागत नाही?

मग बहुतेक वेळा वीज कमी पडतेय. मोठ्या ग्रिडच्या एका मोठ्या आयन थ्रस्टरला पूर्ण जोरात ३३.६ मेगावॉट लागतात. त्याच ग्रिडची एक बॅटरी जास्तीत जास्त १२ मेगावॉट देते. म्हणजे एका थ्रस्टरला जवळपास तीन बॅटऱ्या. पुढे दोन मोठे लावले आणि बॅटऱ्या दोनच असतील तर तुमचा ब्रेक खरं तर एक तृतीयांशच चालतोय, आणि ड्रिल चालू असतील तर त्याहून कमी. दिलासा एवढाच की पुढची आणि मागची इंजिनं एकाच वेळी पूर्ण जोरात चालत नाहीत, त्यामुळे दोन्हींची बेरीज करायची गरज नसते. ज्या दिशेला सगळ्यात जास्त वीज लागते तिचा हिशेब धरा, आणि त्यावर थोडी शिल्लक ठेवा.

अगदी गळ्याशी आलं तर? जहाज तिरकं करा, म्हणजे पुढच्या थ्रस्टरबरोबर खालचे किंवा बाजूचेही ब्रेकच्या कामाला लागतात. कनेक्टरमधून माल बाहेर फेकता येतो, वजन कमी झालं की ब्रेक सुधारतो. आणि सरळ समोरचा दगड थांबून चुकवण्यापेक्षा बाजूला सरकून चुकवणं बऱ्याचदा सोपं असतं. ३०० मीटर रुंद लघुग्रह चुकवायला बाजूला १५० मीटर आणि जहाजाची अर्धी रुंदी एवढंच सरकायचंय. त्यासाठी बाजूचे थ्रस्टर मात्र हवेत, म्हणजे पुन्हा तोच मुद्दा.

फोनवर खेळणाऱ्यांसाठी

स्पेसफ्लाइट सिम्युलेटरमध्ये डॅम्पनर नाही, 'पुढचे थ्रस्टर' लावायची पद्धतही नाही. तिथे तुम्ही विक्रमसारखेच आहात. रॉकेट वेगाच्या उलट दिशेला फिरवायचं आणि मुख्य इंजिन पेटवायचं. त्यामुळे वरचा 'जायरो हा सुद्धा ब्रेक आहे' हा भाग तुम्हाला जास्तच लागू होतो.

रॉकेट खूप हळू फिरत असेल तर आधी त्याची लांबी बघा. चंद्रावर उतरताना रिकाम्या टाक्या अजून जोडलेल्या असतील तर त्या सोडून द्या, त्यांचं वजन फिरवण्यातही नडतं आणि थांबवण्यातही. मग छोटे आरसीएस थ्रस्टर लावा, आणि ते मध्यावर न लावता वरच्या आणि खालच्या टोकाला लावा. दाराची कडी बिजागरीपासून लांब का असते, तेच कारण. इथे स्पेस इंजिनिअर्सची सवलत मिळत नाही, जागेने फरक पडतो. मुख्य इंजिनही एका बाजूला लावलं तर रॉकेट कलंडायला लागतं, म्हणून डावी-उजवी बाजू सारखी ठेवा.

आणि उतरताना इंजिन शेवटच्या क्षणी पेटवायचा मोह टाळा. व्हिडिओत तसं उतरणारे लोक ते पन्नास वेळा आपटून शिकलेले असतात. पहिल्या वेळी थोडं इंधन वाया गेलं तरी चालेल. उंचावरच बराचसा वेग मारा, खाली येताना थोडाथोडा जोर देत रहा. नंतर प्रत्येक उतरण्यात पेटवायची उंची थोडी थोडी खाली आणत जा.

माझं ते पहिलं जहाज अजून सेव्ह केलेलं आहे, पुढचा अर्धा भाग नसलेलं. त्याच्या फाटक्या तोंडावर आता दोन मोठे थ्रस्टर बसवलेत आणि पोटात सहा जायरो. दिसतं भयानक. काल खनिज भरून तळावर आणलं, २१ सेकंदांत थांबलं.